तुटलेल्या बाणाची खूण

लुंबिनी सोनकांबळेची आणि देवणीच्या वीरण्णाची पहिली ओळख झाली ती फोनवर, आणि वीरण्णा तेव्हा ओरडत होता.

"म्याडम, मी चार बाटल्या मागितल्या आन् तुमच्या मशिनीनं आठ धाडल्यात! माझ्या फ्रीजात जागा पाचाची. बाकीच्या तीन काय उशाला घेऊन झोपू?"

लुंबिनीनं वहीत लिहून घेतलं. देवणी, मागितल्या चार, आल्या आठ. त्या आठवड्यातली ही सहावी तक्रार होती. तिनं माफी मागितली, बघते म्हणाली आणि फोन ठेवला.

लातूरला औसा रोडवर एका कोचिंग क्लासच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर शिवशंकर बिरादारची सॉफ्टवेअरची छोटी कंपनी होती. खाली दिवसभर डॉक्टर व्हायला निघालेल्या पोरांच्या सायकली आणि चपलांचा ढीग, वर नऊ माणसं आणि एक कुरकुरणारा एसी. लुंबिनी त्या नऊ जणांत सगळ्यात नवी. नांदेडला इंजिनिअरिंग करून आली, त्याला दीड वर्ष झालं होतं. तक्रारी ऐकायच्या, प्रोग्राम तपासायचे, चुका लिहून मोठ्या लोकांकडं द्यायच्या, एवढंच तिचं काम.

कंपनीचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक म्हणजे नांदेडचा गोदातीर पशुसेवा संघ. दोन जिल्ह्यांत संघाची एकेचाळीस केंद्रं. जनावरांच्या लशी, एका बाटलीत शंभर डोस, नांदेडच्या शीतगृहातून केंद्रांवर पोचवायच्या, त्याचा हिशोब ठेवणारी सिस्टिम शिवशंकरनं बांधून दिली होती. ती एका जागी बसलेली नव्हती. एक प्रोग्राम केंद्रावरच्या माणसाच्या टॅबलेटमध्ये, दुसरा नांदेडच्या साठ्याचा, तिसरा गाड्या कुठं धाडायच्या ते ठरवणारा, चौथा जनावरांच्या मालकांना 'उद्या कॅम्पला या' असे निरोप पाठवणारा. चौघं चार ठिकाणी, आणि एकमेकांशी बोलायचे ते इंटरनेटवरून. देवणीत ते कधी असायचं, कधी नसायचं. हिमायतनगरला तर ते पाहुण्यासारखं यायचं.

वर्षभर सगळं बरं चाललं. मग पावसाळा संपता संपता जनावरांत लम्पी शिरला. अंगभर गाठी, ताप, चारा बंद. रोज वीस कॅम्प लागायला लागले आणि सिस्टिम बिनसली. कुणाला दुप्पट बाटल्या, कुणाला एकही नाही. नांदेडच्या शीतगृहात बाटल्या डोळ्यांना दिसायच्या आणि पडद्यावर 'शिल्लक नाही' असं यायचं, कारण त्या आधीच दुसऱ्या कुणाच्या तरी नावानं बाजूला काढलेल्या असायच्या.

सगळ्यात वाईट झालं ते हिमायतनगरला, लुंबिनीच्याच गावी. बाजाराच्या मैदानात तीनशे जनावरं गोळा झाली. आठ-आठ किलोमीटरवरून लोक गाई चालवत घेऊन आले, आणि केंद्रावर एक बाटली नव्हती. केंद्र सांभाळणारी सिंधु ही साधी बारावी झालेली, कामाला वाघ असलेली बाई. तिला लोकांनी घेराव घातला. दुपारभर ती एकटी सगळ्यांच्या शिव्या खात उभी राहिली आणि शेवटी रडली. त्या वेळी चार बाटल्या नांदेडला थंडगार पडून होत्या. देवणीच्या नावानं. देवणीला त्या नकोच होत्या.

रविवारी लुंबिनी घरी गेली तेव्हा आईनं, पंचफुलाबाईंनी, ताट वाढता वाढता ही सगळी हकिकत सांगितली.

"तुझ्या कंपनीचं नाव घेऊन लोकं बोलून राहिले होते, माय. मी मान खाली घालून निघून आले तिथून."

वडील, साहेबराव, ओसरीवर बसून हे ऐकत होते. एकतीस वर्षं वीज कंपनीत लाइनमन म्हणून राबलेला माणूस. बोलायचे कमी. जेवण झाल्यावर त्यांनी जुन्या कॅलेंडरचं पान फाडून कोऱ्या बाजूनं तिच्यापुढं सरकवलं.

"तुमचं ते चालतं कसं, मला काढून दाखव."

तिनं ऑफिसात काढतात तसंच काढलं. चार चौकोन, त्यांना जोडणारे बाण. साहेबरावांनी चष्मा लावून पाहिलं.

"ह्या रेघेतून काय जातंय?"

"निरोप. टॅबलेट मागतं, साठा देतो."

"आन् ही रेघ मधीच तुटली तर? कुठं दिसतंय ते?"

"ते आकृतीत नसतं, बाबा."

"मंग कुठं असतं?"

लुंबिनीनं पेन खाली ठेवला. कारण खरं उत्तर होतं, कुठंच नसतं.

"आमच्या सबस्टेशनात भिंतीवर नकाशा असायचा," साहेबराव म्हणाले. "कोणती लाइन कुठून येते, कोणता स्विच उघडा, कोणता बंद, सगळ्याला वेगळी खूण. पोलवर चढायच्या आधी तो बघायचा. ज्या नकाशात तुटलेली तार दिसत न्हाई, त्याच्या भरवशावर मी चढलो असतो तर आज तुझ्यासमोर बसलो नसतो. तुमच्या धंद्यात असा नकाशा काढत न्हाईत का?"

सोमवारी सकाळच्या गाडीत, नांदेडपासून लातूरपर्यंत, तिच्या डोक्यात तेवढंच फिरत होतं.

ऑफिसच्या भिंतीवर सिस्टिमची आकृती होती, फ्लेक्सवर छापलेली, सहा फूट लांब. ती रविकांत सरांनी काढली होती. रविकांत म्हणजे कंपनीतला सगळ्यात मुरलेला माणूस. आठ वर्षं पुण्यात काढून आईच्या आजारपणासाठी लातूरला परतलेला, हुशार आणि शब्दाला पक्का. त्या आकृतीत सत्तेचाळीस चौकटी होत्या आणि शंभरावर बाण. गिऱ्हाईक आलं की शिवशंकर त्याला आधी त्या भिंतीपुढं उभं करायचा.

"सर, हा बाण उत्तराची वाट बघतो का? की निरोप टाकून पुढं जातो?" लुंबिनीनं विचारलं.

रविकांतनं मान वर केली. "कोडमध्ये बघ ना."

"कोडमध्ये हा वाट बघतो आणि हा बघत नाही. पण आकृतीत दोन्ही सारखेच आहेत. पुस्तकात भरीव टोक आणि पोकळ टोक असा फरक सांगितलाय."

"पुस्तकात पुष्कळ असतं. ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर जे टोक देतं ते आपण घेतो. कुणी बघत नाही तेवढं." तो वैतागलेला नव्हता, दमलेला होता. तीन आठवडे तो ही चूक शोधत होता. "लुंबिनी, बग कोडमध्ये असतो. चित्रात नसतो."

आणि कोडमध्ये तर काही सापडत नव्हतं. चारही प्रोग्राम एकेकटे तपासले की बरोबर. उत्तर वाटेत हरवलं तर काय, याचाही विचार रविकांतनं आधीच केला होता. टॅबलेट प्रत्येक मागणीला एक नंबर द्यायचं. उत्तर आलं नाही तर तीच मागणी त्याच नंबरानं पुन्हा पाठवायचं. नांदेड तो नंबर ओळखून म्हणायचं, हे मी आधीच दिलंय, पुन्हा देत नाही. हा बंदोबस्त चोख होता. तरी बाटल्या दुप्पट जात होत्या.

त्याच दिवशी संघाचं पत्र आलं. येत्या शुक्रवारी नांदेडला बैठक. कारण सांगा, नाहीतर सिस्टिम दुसऱ्या कंपनीकडं सोपवतो. शिवशंकरनं ते सगळ्यांना वाचून दाखवलं आणि कोरड्या आवाजात एवढंच म्हणाला, "हे काम गेलं तर आपण नऊचे चार होऊ."

लुंबिनीनं खालच्या दुकानातून ड्रॉइंगचे मोठे कागद आणले आणि कोपऱ्यातल्या टेबलावर पसरले. चौकोन बाजूला ठेवले. चार प्रोग्रामच्या चार उभ्या रेघा ओढल्या, वेळ वरून खाली. खुणा तिनं पाचच ठरवल्या. भरीव टोकाचा बाण म्हणजे उत्तराची वाट बघणारा. पोकळ टोकाचा म्हणजे निरोप टाकून पुढं जाणारा. मधे दोन तिरप्या रेघा मारलेला बाण म्हणजे वाटेत तुटलेला, ही खूण वडिलांच्या प्रश्नातून आलेली. जाड चौकट म्हणजे वीज गेली तरी टिकणारी आठवण. आणि ठिपक्यांची चौकट म्हणजे यंत्र बंद झालं की पुसली जाणारी.

दोन दिवस ती कोडची एकेक ओळ वाचून एकेक खूण काढत गेली. अंदाजानं काहीच काढायचं नाही, असं तिनं स्वतःला बजावलं होतं. बुधवारी दुपारी कागद भरला. चूक त्यातही दिसत नव्हती. पण आता निदान सिस्टिम खरोखर काय करते ते एका नजरेत दिसत होतं. शिवशंकरनं तो बराच वेळ पाहिला.

"हे मलाही कळतंय," तो जरा नवलानं म्हणाला. "हे घेऊन देवणीला जा. वीरण्णाच्या शेजारी बसून बघ, तिथं नेमकं काय होतं ते."

गुरुवारी सकाळी ती एसटीनं उदगीरला आणि तिथून दुसऱ्या गाडीनं देवणीला पोचली. केंद्र म्हणजे पत्र्याच्या दोन खोल्या. बाहेर काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा एक वळू जनावर अडकवायच्या लाकडी खोड्यात उभा, आणि वीरण्णा त्याच्या गळ्याखाली खाजवत त्याच्याशी निम्मं कानडीत, निम्मं मराठीत बोलत होता. पन्नाशीचा, काटक, कपाळावर भस्माचे पट्टे.

"तुम्ही होय फोनवरच्या म्याडम? आवाजावरून मला वाटलं मोठ्या असाल." त्याचा राग फोनवरच संपला होता. त्यानं चहा सांगितला, टेबलावरची इंजेक्शनं बाजूला सारली. लुंबिनीनं कागद पसरला. पाच खुणा सांगायला तिला दहा मिनिटंही लागली नाहीत.

"थांबा, मी वाचतो," वीरण्णा म्हणाला आणि पहिल्या रेघेवर बोट ठेवलं. "हे माझं टॅबलेट. वेळ अशी खाली चाललीय. मी चार बाटल्या मागितल्या. ठिपक्याच्या चौकटीत नंबर लिवला. भरीव बाण, म्हंजी मी वाट बघतोय. नांदेडनं चार बाजूला काढल्या, जाड चौकटीत लिवून ठेवलं. उत्तर पाठवलं. हितं तार तुटली. मला काय कळलंच न्हाई."

"बरोबर."

"मग टॅबलेट त्याच नंबरानं परत मागतंय. नांदेड म्हणतंय, हा नंबर माझ्याकडं हाय, दुसऱ्यांदा देत न्हाई." त्यानं मान वर केली. "सगळं बरोबर हाय की मग!"

"तेच तर कळत नाही, काका. कागदावर बरोबर आहे आणि तुमच्याकडं आठ येतात."

वीरण्णाचं बोट तुटलेल्या बाणावर अडून राहिलं. मग तो सावकाश म्हणाला, "पर म्याडम, हे असं होत न्हाई."

"म्हणजे?"

"हितं तार तुटली की पडद्यावर चकरी फिरायला लागती. बाहेर पंधरा गाई, लोकं बोंबलतेत. मी चकरीकडं बघत बसतो व्हय? मी बंद करतो."

"काय बंद करता?"

"टॅबलेट. बटन दाबून धरायचं, बंद करायचं, परत चालू करायचं, परत मागायचं. सगळेच करतेत. ट्रेनिंगला तुमच्याच माणसानं सांगितलं, अडकलं की बंद करून चालू करा." त्यानं तिच्या हातातला पेन घेतला आणि टॅबलेटच्या उभ्या रेघेवर, तुटलेल्या बाणाच्या किंचित खाली, ठसठशीत फुली मारली. "हे बघा. हितं."

लुंबिनीनं फुलीकडं पाहिलं. फुलीच्या वर नंबराची चौकट होती. ती ठिपक्यांची होती. दोन दिवसांपूर्वी कोड वाचून तिनंच ती ठिपक्यांची काढली होती, आणि तेव्हा मनात काही आलं नव्हतं. फुलीच्या खाली रेघ पुन्हा सुरू होत होती, पण चौकट तिथं नव्हती. असणार कशी? ठिपक्यांची होती ती.

ती काही बोलायच्या आत वीरण्णाच पुढं वाचायला लागला होता.

"बंद केलं की नंबर पुसला. मग मी परत चार मागतो तर ते नवा नंबर देणार. आन् नांदेडला वाटणार..." तो एकदम थांबला. "नांदेडला वाटणार की वीरण्णाला आणखी चार पायजेत! अगं माय, म्हंजी हे मीच करतोय की!"

"तुम्ही नाही, काका!" लुंबिनी उठूनच उभी राहिली. चहाचा कप कलंडला, त्याचंही तिला भान नव्हतं. "आम्ही! आम्ही नंबर ठिपक्यांत ठेवला, तो जाड चौकटीत ठेवायचा होता. तीन आठवडे शोधतोय आम्ही हे. तीन आठवडे! आणि तुम्ही बसल्या जागी काढलंत!"

वीरण्णानं आधी तिच्याकडं पाहिलं, मग कागदाकडं, आणि मग मिशीत हसला. "मला कुणी आधी वाचायला दिलं न्हवतं ना," तो म्हणाला.

दुपारच्या उन्हात स्टँडवर उभी राहून तिनं रविकांतला फोन लावला. फुलीपर्यंतचं सगळं सांगितलं. मग टॅबलेटचं बटण दाबल्याचा आवाज आला. तो तिथंच करून बघत होता. मागणी, नेट बंद, टॅबलेट बंद, चालू, पुन्हा मागणी.

"आठ," रविकांत म्हणाला. "आठ आल्या, लुंबिनी. मी शंभर वेळा तपासलं असेल, पण दर वेळी वाट बघितली. बंद कधी केलंच नाही."

"कोड खोटं नव्हतं, सर. बंद आणि चालू यांच्या मधे काय होतं, ते आपल्या आकृतीत दाखवायची सोयच नव्हती."

"ये लवकर," तो म्हणाला. "दुरुस्ती तुझ्यासमोर करतो."

दुरुस्ती ती अशी किती! मागणी पाठवण्याआधी नंबर टॅबलेटच्या कायमच्या आठवणीत लिहायचा, आणि चालू झाल्यावर आधी तिथं बघायचं. संध्याकाळपर्यंत झालीसुद्धा. रविकांतनं टॅबलेट वीस वेळा बंद केलं आणि वीसही वेळा चारच बाटल्या निघाल्या. विसाव्या वेळी सगळ्या ऑफिसनं टाळ्या वाजवल्या, आणि शिवशंकरनं खालच्या गाड्यावरून गरम भजी मागवली.

शुक्रवारी नांदेडला संघाच्या सभागृहात अख्खं कार्यकारी मंडळ बसलं होतं. त्या दिवशी महिन्याची सभा होती म्हणून एकेचाळीस केंद्रांची माणसंही आली होती. चेहरे कडक. शेवटच्या रांगेत सिंधु बसली होती, कुणाकडं न बघता. अध्यक्ष शेषेराव, नायगावकडचे बागायतदार, पांढऱ्या फेट्यातला उंच माणूस. त्यांनी सुरुवातच केली, "गोड बोलू नका. कारण सांगा."

शिवशंकरनं रविकांतकडं पाहिलं. रविकांत उठला. लुंबिनीचा कागद रात्रीतून मोठा छापून आणला होता, तो त्यानं आपल्या हातानं भिंतीवर चिकटवला आणि म्हणाला, "सिस्टिम मी बांधलीय. चूक माझीय. ती सापडली मात्र या आकृतीमुळं, आणि ही माझी नाही. लुंबिनी सोनकांबळेनं काढलीय, आणि देवणीच्या वीरण्णांनी वाचलीय. आता तीच सांगेल."

लुंबिनी भिंतीपाशी गेली. पहिली खूण सांगितली आणि आवाज आपोआप सापडला. पाच खुणा झाल्या. फुली आली. वीरण्णा आपल्या जागेवरून ओरडला, "ती फुली मी मारलीय!" आणि सभागृहात पहिल्यांदा हसू फुटलं.

शेषेरावांनी हात वर केला. "पोरी, तू सांगतीस ते मला पटतंय. पर आमच्या ह्या लोकांला हे वाचता येईल का? का तू गेलीस की परत आम्ही आंधळे?"

लुंबिनीनं शेवटच्या रांगेकडं पाहिलं. "सिंधुताई, तुम्ही येता का पुढं?"

सिंधु दचकली. दोघी-तिघींनी तिला ढकललं तेव्हा ती पदर सावरत भिंतीपाशी आली. मग बोटानं रेघ धरली आणि हळू आवाजात वाचायला लागली. टॅबलेट, साठा, गाडी, निरोप. आवाज चढत गेला. भरीव, पोकळ, जाड, ठिपके, कुठंही अडखळली नाही. सगळ्यात शेवटच्या रेघेपाशी येऊन ती थांबली.

"हा बाण कशाचा?"

"जनावरांच्या मालकांना निरोप जातो, 'उद्या कॅम्पला या' म्हणून. तो त्याचा."

"हा लई वर हाय," सिंधु म्हणाली.

"काय?"

"वेळ खाली चालली ना? हा बाण साठ्यानं बाटल्या बाजूला काढल्या की लगेच सुटून राहिलाय. आन् गाडी निघते ती हितं, पार खाली. पोकळ बाण हाय, म्हंजे कुणाची वाटबी बघत न्हाई. मधी काहीबी झालं तरी लोकांला निरोप गेलेलाच." ती वळली. आता ती सगळ्या सभेकडं बघत होती. "म्हणून त्या दिवशी तीनशे जनावरं आली माझ्या मैदानात! माझ्या बाटल्या नंतर देवणीच्या दुसऱ्या मागणीसाठी काढून घेतल्या, आन् लोकं तर आधीच निघालेले. हा बाण गाडी निघाल्याच्या खाली पायजे!"

रविकांत भिंतीजवळ गेला, बाणाकडं पाहिलं, गाडीच्या खुणेकडं पाहिलं, आणि मोठ्यानं म्हणाला, "ही बाई बरोबर बोलतीय. शंभर टक्के बरोबर. हे आम्हाला माहीतच नव्हतं."

मग काय झालं ते आवरता येण्यासारखं नव्हतं. केंद्रांची माणसं खुर्च्या सारून भिंतीकडं धावली. कुणी म्हणे, आमच्या इथं दोघं एकच टॅबलेट वापरतो, ते कुठं दाखवलंय? कुणी म्हणे, गाडी परत आली तर उरलेल्या बाटल्यांचा बाण कुठाय? लुंबिनी पेन घेऊन एकेक टिपून घेत होती, रविकांत दुसऱ्या टोकाला टिपून घेत होता, आणि मंडळाचे सभासदसुद्धा उठून माना उंचावून बघत होते. तासाभरात आणखी दोन खऱ्या चुका निघाल्या. वर्षभर ज्यांना नुसतं 'बंद करून चालू करा' एवढंच सांगितलं होतं, ती माणसं त्या दिवशी सिस्टिम वाचत होती.

शेषेरावांनी टेबलावर थाप मारली तेव्हा कुठं लोक जागेवर गेले.

"काम ह्यांच्याकडंच राहील," ते म्हणाले. "एक अट. ह्यापुढं सिस्टिमीत काहीबी बदलायचं असलं तर आधी असा कागद काढायचा, केंद्रांवर धाडायचा, आणि आमच्या माणसांनी वाचून हो म्हटल्याशिवाय बदलायचं न्हाई. आणि कागद ह्या पोरीच्या सहीनं आला पाहिजे."

टाळ्या आधी सिंधुनं वाजवल्या. मग सगळ्यांनी.

दोन आठवड्यांनी नवी सिस्टिम एकेचाळीस केंद्रांवर चालू झाली, आणि पहिल्याच दिवशी एकोणीस कॅम्प एकदम लावले. लुंबिनी देवणीला उभी होती. आसपासच्या आठ गावांतून गाई, बैल, कालवडी धूळ उडवत येत होत्या. नेट सकाळपासून गेलेलं. वीरण्णानं कॅम्पच्या आदल्या दिवशी मुद्दाम सात वेळा टॅबलेट बंद करून मागणी केली होती, "बघू तरी पोरीचा कागद खरा हाय का," म्हणत. गाडी आली. त्यानं डबा उघडला, मोजल्या.

"चार!" तो गाडीवरूनच ओरडला. "सात वेळा दाबलं, चारच! आयतु म्याडम, आयतु! झालं!"

दुपारी दोनपर्यंत चारशे जनावरं टोचून झाली. एकही परत गेलं नाही. नेट आलं तसे पडद्यावर बाकीच्या गावांचे आकडे उमटायला लागले, आणि लुंबिनी ते मोठ्यानं वाचत गेली. निलंगा, पूर्ण. मुखेड, पूर्ण. भोकर, पूर्ण. सतरा नावं झाली, मग हिमायतनगर आलं. तीनशे बारा जनावरं, तीनशे बारा डोस. लगेच फोन वाजला. पलीकडं सिंधु होती, मागं जनावरांच्या घंटा आणि माणसांचा गलका.

"ताई, झालं सगळं! मागच्या वेळी ज्यांनी शिव्या दिल्या ना, ते पेढे घेऊन आलेत. थांबा, तुमच्या बाबाला देते, ते सकाळपासून हितंच उभे हायत, गाई धरून राहिलेत सगळ्यांच्या."

साहेबराव फोनवर आले. बोलायचे कमीच. "ऐकू येतंय का गं?" एवढंच म्हणाले आणि फोन गर्दीकडं धरला. तिकडून लोकांचा गोंगाट आला, कुणीतरी तिचं नाव घेतलं, हसणं, टाळ्या. इकडं वीरण्णा तिला हाका मारत होता. चतुराबाई नावाच्या म्हातारीची एक दांडगी कालवड खोड्यात जाईना, आणि माणसं कमी पडत होती. लुंबिनीनं फोन तसाच चालू ठेवून ओढणी कमरेला खोचली, पुढं झाली आणि कालवडीचं दावं दोन्ही हातांनी धरलं.

"ओढा, म्याडम, ओढा!" सगळं मैदान ओरडलं, आणि ती हसत हसत ओढत राहिली.